टाच का टेकत नाही, ते

"काहून चवड्यावर चालते हो तुमचा पोट्टा? म्हनूनच बोलत नाही का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते. वॉकरमुळं म्हणाल, तर तो आम्ही कधी आणलाच नाही. मोबाईल दिला, रोज, भरवताना. ते खोटं कशाला सांगू.

चवड्यावर चालल्यानं जीभ अडत नाही. पण दोन्ही एकाच लेकरात दिसलं, तर मुळाशी तिसरं काही आहे का ते बघावं लागतं. स्वीडनमधल्या एका पाहणीत (2012) साडेपाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास 5 टक्के कधी ना कधी चवड्यावर चाललेली निघाली. विकासात अडचण असलेल्या मूठभर मुलांत मात्र 41 टक्के. हे मी फार उशिरा वाचलं. तेव्हा सासूबाईंचं एक वाक्य पुरत होतं: याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला.

तान्ह्या पोळ्याला तो अडीच वर्षांचा होता. बाकीची पोरं आपापला लाकडी नंदी ओढत मिरवत होती. यानं नंदी आडवा पाडला आणि चाक फिरवत बसला. एका काकूंनी बोजाऱ्याची, म्हणजे पोळ्याच्या खाऊची, दहाची नोट पुढं केली, "नाव काय रे बाळा?" हा टाचा उचलून उभा, हात फडफडवत, नजर नोटेवर. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मीच बारीक आवाज काढून, जणू तोच बोलतोय असं, त्याचं नाव सांगितलं. काकू हसल्या. "माय बोलते अन् पोट्टा नाचते!"

घरी त्याचे पाय धुतले. फरशीवर ओले ठसे उमटले. पाच बोटं, चवडा, आणि टाचेच्या जागी कोरडं. मी पोछा मारला.

दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास डॉक्टर म्हणाले होते, असं चालणं तिसऱ्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांचं आपोआप सुटतं, वाट बघू. ती सवलत पायांना होती. मी जिभेलाही देऊन टाकली. दोन वर्षांचं मूल "पाणी दे" असे दोन शब्द जोडतं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. कानाची बेरा तपासणी केली ती पोळ्यानंतर सहा महिन्यांनी. कान ठणठणीत निघाले. म्हणजे तो सगळं ऐकत होता.

आता पाच वर्षांचा आहे. रोज पोटऱ्या ताणतो आम्ही, आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे का, हा तुमचा पुढचा प्रश्न. तपासण्या चालू आहेत. लवकर गेले असते तर? नवरा म्हणतो, काही फरक पडला नसता. त्याला कसं कळलं?

यंदाच्या पोळ्याला त्याच काकूंनी नाव विचारलं. त्यानं सांगितलं, माझ्याच त्या बारीक, काढलेल्या आवाजात. टाचा वरच होत्या.