खिडकीतली मुलगी आणि आडवी बाटली

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन तलावाच्या काठी इव्हान्स्टन नावाचं आमचं गाव. इथल्या विद्यापीठाच्या सनदेत 1855 मध्ये एक कलम घातलं गेलं: आवारापासून चार मैलांच्या आत दारू विकायची नाही. 1972 पर्यंत इथल्या हॉटेलांत दारू मिळत नव्हती.

याच गावात शिकागो अव्हेन्यूवर, दारूबंदीसाठी आणि बायकांच्या मताच्या हक्कासाठी झटलेल्या फ्रान्सिस विलर्डचं घर आहे. आता तिथे संग्रहालय आहे. मी गेले होते तिची सायकल बघायला. वयाच्या 53 व्या वर्षी, आई गेल्याच्या दुःखात असताना, ती सायकल शिकली. रोज पंधरा मिनिटं, असे तीन महिने! सायकलीचं नाव ठेवलं ग्लॅडिस.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती 1856 मधली फ्रान्सिस. सतरा वर्षांची, विस्कॉन्सिनच्या शेतावर राहणारी. मोठा भाऊ ऑलिव्हर एकवीस वर्षांचा झालेला. ठेवणीतले कपडे घालून तो वडील आणि गडीमाणसांबरोबर गाडीत बसून मत द्यायला निघाला. दोघी बहिणी खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. फ्रान्सिसचा गळा दाटून आला. हे तिनं स्वतःच लिहून ठेवलंय.

हाच ऑलिव्हर पुढे दारूत बुडाला आणि 1878 मध्ये गेला.

दारूबंदीच्या ख्रिस्ती महिला संघटनेची स्थापना 1874 मध्ये क्लीव्हलंडला झाली. फ्रान्सिस 1879 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1898 पर्यंत, तिची अध्यक्ष होती. आधी बायका गुत्त्यासमोर गुडघे टेकून प्रार्थना करायच्या. ही म्हणाली, प्रार्थना कराच, पण मतही मागा. नवरा पगार गुत्त्यात उधळतो, मार बायको खाते, पोरं उपाशी झोपतात. मग गावात दारूचं दुकान असावं की नसावं हे तिनं का ठरवू नये? या मागणीला तिनं नाव दिलं ‘घराचं रक्षण’. 1879 मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळापुढे एक लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज गेला. तो मंजूर झाला नाही.

हे वाचलं आणि मला माझ्या मावशीचं गाव आठवलं. आडवी बाटली! मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. त्या दिवशी मावशी भल्या पहाटे न्हाऊन, इरकल नेसून, शेजारच्या चौघींना घेऊन शाळेत गेली होती. फोनवर म्हणाली, “बये, शिक्का असा दाबून मारलाय, कागद फाटायचा राहिला.” विलर्डनं मागितलेलं मत ते हेच.

पंडिता रमाबाई 1886 ते 1888 अमेरिकेत होत्या. त्यांची आणि विलर्डची भेट झाली होती, आणि अमेरिकेवरच्या आपल्या मराठी पुस्तकात रमाबाईंनी या संघटनेबद्दल आपुलकीनं लिहिलंय.

एक गोष्ट मात्र मला खुपते. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांना जमाव ठार मारत होते, तेव्हा विलर्डनं काळ्यांच्याच दारूला बोल लावला. आयडा वेल्स या काळ्या पत्रकार बाईनं तिला जाहीर जाब विचारला. वेल्सचंच बरोबर होतं, असं मला ठामपणे वाटतं.

निघताना संग्रहालयातल्या बाईंना मी कागदावर दोन बाटल्या काढून दाखवल्या, एक उभी, एक आडवी. त्यांनी तो कागद मागून घेतला. घरी आल्यावर मी मावशीला फोन लावला.