पागेची वही: चार घोड्यांचा आठवडा

गेल्या सोमवार ते रविवार या सात दिवसांत आमच्या सिंडिकेटचे, म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेले, चार घोडे रेसच्या कार्डावर होते. या मोसमात एवढी गर्दी पहिल्यांदाच झाली. माझा प्रत्येकात विसावा हिस्सा. कार्डावरची नावं इथे लिहीत नाही, पागेत आम्ही ज्या नावांनी हाक मारतो तीच वापरते: थोरला, चिंगी, भुऱ्या आणि सरदार.

वहीत निकालाच्या शेजारी माझा एक जादा रकाना असतो, ‘चंदी’. रेसच्या संध्याकाळी घोड्याने किती खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गव्हाणीत काय उरलं, एवढंच त्यात लिहायचं. दोन वर्षं लिहिते आहे. ज्यांनी नुकताच हिस्सा घेतला आहे त्यांनी हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा, असं मला कळकळीने वाटतं. या आठवड्यात तर त्याच रकान्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं.

सोमवार. थोरला हिवाळी मोसमासाठी हैदराबादला आहे. मलकपेटला १२०० मीटर, बारा घोड्यांत आठवा. ऑफिसमधून थोडं लवकर निघून महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर उभी राहून मोबाइलवर रेस पाहिली. सुटला छान, वळणावर चौथा होता, पण शेवटच्या ३०० मीटरांत बाकीचे त्याच्या अंगावरून निघून गेले. सहा वर्षांच्या या घोड्याला आता १२०० चा वेग झेपत नाही, त्याला १६०० द्या, असं मी दिवाळीपासून म्हणते आहे. सरांनाही, म्हणजे आमच्या ट्रेनरना, आता ते पटतंय असं फोनवरच्या बोलण्यावरून वाटलं. चंदी: पूर्ण खाल्ली. पाय थंड, चाल मोकळी.

मंगळवार पहाट. पावणेसहाला रेसकोर्सवर. फिरायला येणारी मंडळी एकीकडे आणि घोडे दुसरीकडे, ही महालक्ष्मीची पहाट मला अजूनही नवीच वाटते. हाजीअलीकडून खारा वारा येत होता, अंधारात आधी टापांचा आवाज आला आणि मग घोडी दिसली. इथे १८८३ पासून घोडे पळताहेत. २०२४ मध्ये करार झाला आणि सुमारे १२० एकर जागा बागेसाठी महापालिकेकडे गेली, ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबकडे राहिली. बाग व्हावीच, शहराला ती हवी आहे. पण पहाटेचा हा ट्रॅकही शहराचाच आहे, तो कुणी मोडू नये.

चिंगी इनर सँडवर, म्हणजे सरावाच्या आतल्या वाळूच्या ट्रॅकवर, ६०० मीटर ३९ सेकंदांत आली. पेपरात दुसऱ्या दिवशी ‘मूव्ड फ्रीली’ असं छापून आलं आणि खरंच तशी होती, रायडिंग बॉयचे हात मानेवर नुसते ठेवलेले. पण मला वेळेपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. परतताना ती रेस जिथून सुटते त्या गेट्सजवळून चालली आणि तिथे कान मागे घेऊन अडली. पुण्याच्या मोसमात तिच्या पहिल्या रेसला गेटमध्ये शेजारचा घोडा उसळला होता. ते तिने विसरलेलं नाही.

गुरुवार. चिंगी, तीन वर्षांची फिली (तरुण घोडी), १२०० मीटर, आयुष्यातली दुसरी रेस. मी अर्धा दिवस रजा टाकली होती. पॅडॉकमध्ये, रेसआधी घोडे फिरवतात तिथे, घाम नव्हता, पण शेपटी सारखी हलत होती. तिची देखभाल करणारे मोतद्दारकाका लगाम अगदी आखूड धरून तिच्याशी हळू आवाजात बोलत चालले होते. मला म्हणाले, ‘ताई, पोरगी आज शहाणी आहे, पण गेटपाशी काय करंल ते सांगता येत नाही.’

गेटपाशी तिने तेच केलं. तीनदा पुढे आली, तीनदा मागे सरली. बाकी सगळे आत, ती एकटी बाहेर. शेवटी हँडलरांनी तिच्या डोळ्यांवर अंधारी बांधली, दोघांनी मागून हात एकमेकांत गुंफून तिला आत ढकललं आणि दार लागायच्या आत अंधारी काढून घेतली. दार उघडलं तेव्हा ती अजून मागच्या पायांवर बसलेलीच. चार लेंग्थ, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीएवढं अंतर, तिथेच गेलं. १२०० मीटरमध्ये चार लेंग्थ म्हणजे रेस तिथेच संपल्यासारखी.

स्टँडमध्ये माझ्या मागे कुणीतरी तिकीट फाडलं. मी दुर्बीण सोडली नाही, कारण खरी गोष्ट तिथून पुढे घडली. वळणापर्यंत ती शेवटून दुसरी. सरळीला, म्हणजे शेवटच्या सरळ पट्ट्यात, आल्यावर जॉकीने तिला बाहेर काढलं, आणि मोकळी जागा दिसताच तिने मान खाली घातली. चाबूक एकदाही उठला नाही. पाचवी आली, विजेत्यापासून साधारण साडेतीन लेंग्थ मागे. निकालाच्या ओळीत फक्त ‘५’ दिसतं. गेटमध्ये गेलेलं आणि शेवटच्या ४०० मीटरांत भरून काढलेलं त्या ओळीत कुठेच नाही.

फिलींबद्दल मला मुळातच जास्त माया आहे. १९४३ मध्ये इथे पहिली इंडियन डर्बी झाली, ती प्रिन्सेस ब्युटिफुल या बडोद्याच्या महाराजांच्या फिलीने जिंकली. आजही डर्बीत फिलींना नर घोड्यांपेक्षा दीड किलो वजन कमी मिळतं. मला ती मेहेरबानी वाटत नाही, तो हिशेब आहे. आणि त्या हिशेबात बसून मुलांना मागे टाकणारी फिली पाहण्यासारखं सुख नाही.

संध्याकाळी सातला पागेत गेले. काकांनी खरारा करून अंग पुसून ठेवलं होतं. गव्हाणीत ओट, कोंडा, थोडं शिजवलेलं जवस आणि वरून गाजरं. चिंगी दाराकडे पाठ करून खात होती, मी आले तरी तोंड वर केलं नाही. काकांनी गव्हाणीच्या कोपऱ्यात बोटं फिरवून मला तळहात दाखवला. एक दाणा नव्हता. ‘लसूणघास पण मागतेय,’ म्हणाले. चंदी: पूर्ण, शिवाय एक पेंढी जादा. सरांचं ठरलंय, पुढची एन्ट्री करण्याआधी दहा दिवस तिला रोज गेटमधून नुसतं चालवत न्यायचं, पळवायचं नाही.

रविवार, सकाळ. भुऱ्या मागे घेतला. पहाटे पुढचा उजवा पाय उचलून ठेवत होता, नालबंदाने नाल काढून पाहिला तर एक खिळा जरा आत गेलेला. पाय गरम नाही, पोटीस लावलं, चार-पाच दिवसांत बरा होईल. हिस्सेदारांच्या ग्रुपवर थोडी नाराजी उमटली. मी स्पष्ट लिहिलं की लंगडा घोडा पळवण्यापेक्षा प्रवेश फी बुडालेली हजारदा बरी.

रविवार, दुपार. सरदार, पाच वर्षं, १६०० मीटर, चौथ्या वर्गातला हँडीकॅप (घोड्याच्या रेटिंगप्रमाणे पाठीवर कमी-जास्त वजन असलेली रेस), ॲल्युमिनियमचे नाल. सहाव्या क्रमांकाच्या गेटमधून निघून तो तिसऱ्या जागी निवांत बसला. सरळीला जॉकीने विचारलं आणि घोड्याने लगेच उत्तर दिलं. शेवटच्या शंभर मीटरांत बाहेरून एक घोडा मानेपर्यंत आला, पण सरदारने त्याला पुढे जाऊ दिलं नाही. मानेने जिंकला. फोटो पाहून निकाल लागेपर्यंत माझे हात कापत होते.

आम्ही अकरा जण खाली धावलो. घोड्याला आत आणताना लगामाला मला दोन बोटांपुरती जागा मिळाली, तेवढी पुरे होती. त्याच्या मानेवरून वाफ निघत होती, घामाचा फेस खोगिराच्या कडेने पांढरा झाला होता. आमच्यातल्या एका आजोबांच्या घोड्याने चौदा वर्षांत पहिल्यांदा महालक्ष्मीला रेस जिंकली, ते फोटोत उभेच राहू शकले नाहीत, खुर्ची आणावी लागली. सगळ्यांनी पेढे वाटले. रेटिंग आता वाढणार, एका पॉइंटला अर्धा किलो, म्हणजे पुढच्या वेळी पाठीवर बरंच जास्त वजन असेल. त्याची चर्चा पेढ्यांबरोबरच सुरू झाली.

संध्याकाळी पागेत मात्र काका गप्प होते. सरदार कोपऱ्यात उभा, मान खाली, गव्हाण जशीच्या तशी भरलेली. गाजराचा एक तुकडा त्याने तोंडात घेऊन परत टाकलेला दिसला. पाणी दोन बादल्या प्यायला होता. ‘थकला असंल,’ असं मी म्हणाले. काकांनी मान हलवली. ‘ताई, थकलेला घोडा उशिरा खातो. हा वास पण घेत नाही.’

सरांना फोन केला. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, नाकातून स्कोप, म्हणजे आत बघायची नळी, घातला. श्वासनलिकेत रक्ताची बारीक रेघ. नाकातून बाहेर एक थेंब आलेला नव्हता, स्टँडवरून कुणालाच कळलं नसतं. घोड्याचं हृदय उभं असताना मिनिटाला ३० ते ४० ठोके देतं, पूर्ण वेगात २०० च्या वर जातं. त्या दाबाने फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्या फुटू शकतात. पुष्कळ घोड्यांना कधी ना कधी थोडं होतं, पण रक्त बहुतेकदा बाहेर दिसत नाही. म्हणूनच स्कोपशिवाय समजत नाही आणि म्हणूनच गव्हाणीकडे बघायचं.

ग्रुपवर मी जिंकल्याच्या फोटोच्या खाली हे लिहिलं. दोघांना राग आला, आनंदाच्या दिवशी कशाला म्हणून. मला तेव्हा लिहिणंच योग्य वाटलं, कारण सोमवारी सकाळी पुढच्या एन्ट्रीचा विषय निघणार होता. आता एन्ट्री नाही. तीन आठवडे फक्त चालणं, ओली चंदी, पेंढ्याऐवजी लाकडाच्या भुशाचं अंथरूण, म्हणजे धूळ कमी.

सोमवार पहाट. सरदार: गाजरं खाल्ली, ओट तसेच.

मंगळवार पहाट. सरदार: ओट निम्मे, लसूणघास पूर्ण. मी दाराशी उभी राहिले तेव्हा गव्हाणीतून तोंड वर काढून त्याने माझ्या खिशाचा वास घेतला. खिशात गूळ होता. काका म्हणाले, ‘आज नको, ताई. आधी ओट संपू द्या.’ खडा तसाच परत घेऊन आले.