नवा प्लेअर घेण्याआधी लायब्ररी आवरा

१० मे २०२२ रोजी अ‍ॅपलने आयपॉड टच बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा खिशातल्या म्युझिक प्लेअरचं युग संपलं असं बऱ्याच जणांनी मानलं. तसं काही झालं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सोनीने एनडब्ल्यू-ए३०६ हा अँड्रॉइडवर चालणारा वॉकमन आणला. २०२५ मध्ये फिओने ‘स्नोस्काय’ या नावाखाली जुन्या कॅसेट प्लेअरच्या रूपातला छोटा एको मिनी काढला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉकबॉक्स या मुक्त फर्मवेअरची, म्हणजे प्लेअरच्या मूळ सिस्टीमऐवजी बसवता येणाऱ्या सॉफ्टवेअरची, ४.० आवृत्ती आली, आधीची ३.१५ ही २०१९ मधली होती. ज्यांच्याकडे स्वतःची गाणी फाइलच्या रूपात आहेत, त्यांच्यासाठी हे दिवस चांगले आहेत.

पण या प्लेअरांबद्दलची सगळी चर्चा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी) चिप, ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड आउटपुट आणि दिसणं यांभोवतीच फिरते. मराठी गाणी, अभंग, नाट्यपदं आणि ख्याल ऐकणाऱ्यांचा खरा त्रास कार्ड आत घातल्यावर सुरू होतो. देवनागरी नावं मोडतात, एका अल्बमचे तीन तुकडे होतात, विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्येच खड्डा पडतो. यातला बराचसा दोष प्लेअरचा नसून टॅगचा, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीचा असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

आधी देवनागरीचं बघू. अँड्रॉइडवरच्या प्लेअरमध्ये अक्षरजोडणीची व्यवस्था मुळातच असते, त्यामुळे तिथे मराठी नीट दिसतं. स्वतःच्या छोट्या सिस्टीमवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये ती बहुधा नसते, रॉकबॉक्समध्येही नाही. फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं असली तरी ती एकापुढे एक नुसती मांडली जातात. ‘निर्गुणी’ हा शब्द अशा पडद्यावर बघा: पहिली वेलांटी ‘न’च्या आधी यायची ती नंतर येते, रफार ‘ग’च्या डोक्यावर न चढता पाय मोडका ‘र’ होऊन वेगळा उभा राहतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण अडचण अक्षरांच्या क्रमाची आणि जोडणीची आहे. म्हणून चाकाचा किंवा बटणांचा प्लेअर घेताना विक्रेत्याला ‘हिंदी सपोर्ट आहे का’ असं विचारून भागत नाही. मेन्यू हिंदीत असला तरी गाण्यांची नावं मोडू शकतात. जोडाक्षरं असलेली एक फाइल वाजवून पाहावी.

अशा प्लेअरसाठी उपाय आहे, फक्त थोडी शिस्त लागते. मूळ संग्रहात शीर्षक देवनागरीतच ठेवा आणि प्रत्येक फाइलमध्ये रोमन शीर्षकासाठी एक जादा टॅग करा. कार्डावर नेण्यासाठी वेगळी प्रत बनवा आणि त्या प्रतीवरच एमपीथ्रीटॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमधली ‘अ‍ॅक्शन’ चालवून रोमन टॅग शीर्षकात उतरवा. मूळ संग्रहाला हात लागत नाही, आणि पुढे देवनागरी नीट दाखवणारा प्लेअर घेतला तर नव्याने टंकन करावं लागत नाही.

एन्कोडिंगही, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धतही तपासा. एमपीथ्री फाइलमध्ये आयडीथ्री टॅगच्या १, २.३ आणि २.४ अशा आवृत्त्या आढळतात. आवृत्ती १ मध्ये शीर्षकाला फक्त ३० बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे दहा चिन्हांत जागा संपली, आणि काना-वेलांटीही चिन्हंच. शिवाय त्या आवृत्तीत युनिकोडची सोयच नाही. ती काढून टाका. २.३ आवृत्ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिणं सगळ्यात सुरक्षित. जुने प्लेअरही ती वाचतात. फ्लॅक या दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइल-प्रकारात हा प्रश्न येत नाही, तिथले टॅग यूटीएफ-८ मध्येच असतात. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टंकलेली नावं मात्र कुठल्याही सेटिंगने वाचता येणार नाहीत, ती पुन्हा टंकावीच लागतात.

मराठीचा खास घोटाळा आहे तो ‘ऱ्य’चा. ‘वाऱ्यावर’, ‘ताऱ्यांचे’, ‘किनाऱ्याला’ असे शब्द आपल्या गाण्यांत जागोजागी आहेत. हा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकला जातो. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. म्हणून शोध घेतल्यावर अर्धीच गाणी सापडतात, किंवा एका अल्बमचे दोन होतात. त्यात मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क फाइलच्या नावातला ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता असा वेगळा साठवते. ती फाइल कार्डावर गेली आणि प्लेलिस्टमध्ये मात्र अखंड ‘ऱ’ असला, तर प्लेअर फाइल सापडत नाही म्हणून पुढे जातो. फाइल समोर दिसत असते आणि वाजत नसते, त्यामुळे लोक कार्डाला दोष देतात.

माझं ठाम मत: फाइल आणि फोल्डरची नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवा, देवनागरी फक्त टॅगमध्ये. लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर फाइलचं नाव २५५ बाइटचं, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. रागाचं, बंदिशीचं आणि गायकाचं नाव एकत्र लिहिलं की ती सहज संपतात. टॅगमधला ‘ऱ्य’ एकसारखा करायला एमपीथ्रीटॅगमध्ये ‘रिप्लेस’ची अ‍ॅक्शन बनवा: जोडचिन्हवाला प्रकार शोधायचा, नुक्त्याच्या ‘ऱ’ने बदलायचा. एकदा बनवून ठेवली की नव्या गाण्यांवर चालवत राहायचं.

आता टॅगमध्ये काय भरायचं ते. गायकाच्या नावाआधी ‘पंडित’, ‘पं.’, ‘विदुषी’, ‘उस्ताद’ लिहू नका. आदर कमी होत नाही, पण यादीत निम्मे कलाकार ‘प’खाली गोळा होणं टळतं आणि ‘पं.’ व ‘पंडित’ असे एकाच गायकाचे दोन गायक होत नाहीत. ‘अल्बम आर्टिस्ट’ हे खानं रिकामं सोडू नका. युगुलगीतात दुसरं नाव आलं की अल्बम फुटतो तो हे रिकामं असल्यामुळे. अनेक गायकांच्या संकलनात तिथे सगळीकडे एकच शब्द लिहा, ‘विविध’ चालेल. साधे प्लेअर युनिकोडच्या क्रमाने यादी लावतात, म्हणून ‘ळ’ हा ‘ल’नंतर आणि ‘व’च्या आधी येतो, ‘क्ष’ शेवटी न जाता ‘क’मध्ये शिरतो आणि ‘ज्ञ’ ‘ज’मध्ये. हे बदलत नाही, लक्षात ठेवलं की पुरतं.

नाट्यसंगीतात अल्बम म्हणजे नाटकाचं नाव, कंपोझर म्हणजे संगीतकार, आणि पदकर्त्यासाठी आयडीथ्रीमध्ये गीतकाराचं वेगळं खानं आहेच. वर्षाच्या बाबतीत जपा. सीडीवर पुनर्मुद्रणाचं साल असतं; ७८ आरपीएमच्या तबकडीवरून आलेल्या पदाला ते लावलं तर कालक्रमाने ऐकण्याची सोय गेली. मूळ ध्वनिमुद्रणाचं साल ठाऊक असेल तर वर्षाच्या खान्यात तेच लिहा आणि सीडीचं साल कॉमेंटमध्ये टाका.

राग कुठे लिहायचा यावर बराच गोंधळ आहे. पूर्वी ‘ग्रुपिंग’ हे खानं सोयीचं होतं. मग अ‍ॅपलच्या आयट्यून्स या सॉफ्टवेअरच्या १२.५ मालिकेत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी ‘वर्क’ आणि ‘मूव्हमेंट’ आले, आणि ग्रुपिंग आजवर टीआयटी१ या चौकटीत लिहिलं जात होतं, ती चौकट वर्कला देऊन ग्रुपिंग जीआरपी१ मध्ये हलवलं गेलं. इतर सॉफ्टवेअर जुन्याच चौकटीत बघत राहिली. म्हणजे एकात भरलेला राग दुसऱ्यात दिसेनासा होऊ शकतो. यावर मार्ग एकच: राग शीर्षकाच्या सुरुवातीला लिहा. ‘यमन – विलंबित एकताल – बंदिशीचा मुखडा’ हा क्रम कुठल्याही प्लेअरमध्ये दिसतो, आणि शीर्षकानुसार यादी लावली की सगळे यमन शेजारी येतात. ग्रुपिंगमध्येही लिहा, कारण रॉकबॉक्सच्या मेन्यू-फाइलमध्ये दोन ओळी टाकून ‘रागानुसार’ अशी स्वतंत्र यादी बनवता येते. ही सोय मला कुठल्याही महागड्या डॅकपेक्षा मोलाची वाटते.

दोन ट्रॅकच्या मध्ये पडणाऱ्या खंडाचं कारणही समजून घ्या. एमपीथ्री ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत बांधली जाते आणि गाणं त्या हिशेबात नेमकं बसत नाही, म्हणून पुढे-मागे शांतता भरली जाते. लेम हा एमपीथ्री बनवणारा एन्कोडर किती भर घातली ते फाइलच्या सुरुवातीला नोंदवतो. ती नोंद वाचणारा प्लेअर तेवढा भाग गाळतो. आयट्यून्स ७ ने, म्हणजे सप्टेंबर २००६ पासून, सलग वाजवण्याची सोय दिली. फ्लॅकमध्ये अशी भर नसते, पण प्लेअरने पुढची फाइल आधीच उघडून ठेवली पाहिजे. स्वस्त प्लेअरमध्ये नेमकं हेच होत नाही. तबला सलग चालू असताना ट्रॅक बदलणारी सीडी असेल, तर समेवरच अडखळतं आणि बैठकच मोडते. सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू केलं आहे का ते बघा, आणि तरी जमत नसेल तर तो संपूर्ण राग एकाच फाइलमध्ये जोडून घ्या.

सॉफ्टवेअरच्या अपडेटबद्दल सावध राहावं असं इतिहासच सांगतो. नोव्हेंबर २००१ मध्ये आयट्यून्स २.० च्या मॅक इन्स्टॉलरमध्ये अशी चूक होती की डिस्कच्या विभागाच्या नावात रिकामी जागा असेल तर अख्खा विभाग पुसला जाऊ शकत होता. अ‍ॅपलने तो मागे घेऊन लगेच २.०.१ दिला. इतकं टोकाचं पुन्हा सहसा घडत नाही. नेहमी घडतं ते वेगळं: ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने आयट्यून्स मोडून म्युझिक, टीव्ही आणि पॉडकास्ट अशी अ‍ॅप केली, आयपॉडचं सिंक फाइंडरमध्ये गेलं, आणि लायब्ररीची एक्सएमएल प्रत आपोआप बनणं थांबलं. त्या प्रतीवर अवलंबून असलेली इतर सॉफ्टवेअर एका रात्रीत आंधळी झाली. विंडोजवर २०२४ पासून अ‍ॅपल म्युझिक आणि अ‍ॅपल डिव्हाइसेस ही वेगळी अ‍ॅप आहेत. ती बसवल्यावर आयट्यून्सकडे पॉडकास्ट आणि ऑडिओबुक एवढंच उरतं. जुन्या आयपॉडचं सिंक सुरळीत चालू असेल तर ही अ‍ॅप घाईने बसवू नका.

अपडेटच्या आधी सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून गाण्यांचा आणि लायब्ररीचा असा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नुसती गाणी कॉपी करून भागत नाही: तारांकन, किती वेळा वाजलं ते आकडे आणि प्लेलिस्ट गाण्याच्या फाइलमध्ये नसतात, लायब्ररीच्या फाइलमध्ये असतात. ‘फाइल’ मेन्यूतल्या ‘लायब्ररी’मधून ‘एक्सपोर्ट लायब्ररी’ करून एक्सएमएल प्रतही हातात ठेवा. ‘कीप मीडिया फोल्डर ऑर्गनाइझ्ड’ ही खूण काढा, नाहीतर टॅग बदलला की सॉफ्टवेअर फाइलींची नावं आणि जागा आपल्या मनाने बदलतं. अ‍ॅपल म्युझिकची वर्गणी असेल तर मूळ संग्रह असलेल्या संगणकावर ‘सिंक लायब्ररी’ बंदच ठेवा. एकाच गायकाची तीच बंदिश चार मैफिलींतली असते, आणि जुळवणी करणाऱ्या यंत्रणेला तो फरक कळेलच असं नाही.

आयट्यून्सचं अपडेट बिघडलं तर परतीची वाट असते. नव्या आवृत्तीने उघडलेली लायब्ररी जुन्या आवृत्तीत उघडत नाही, पण अपडेटच्या वेळी आयट्यून्स जुनी लायब्ररी तारखेसह ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ या फोल्डरमध्ये ठेवतं. जुनी आवृत्ती पुन्हा बसवा, त्यातली शेवटच्या तारखेची फाइल बाहेर काढून तिला मूळ नाव द्या, आणि विंडोजवर शिफ्ट, मॅकवर ऑप्शन दाबून धरून सॉफ्टवेअर सुरू करा. कुठली लायब्ररी उघडायची ते विचारलं जातं.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. ३२० केबीपीएसची एमपीथ्री तासाला १४४ एमबी घेते. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक गाण्यानुसार साधारण ३०० ते ४०० एमबी, म्हणजे १२८ जीबीमध्ये तीनशेहून अधिक तास. जुन्या मोनो तबकड्यांचं फ्लॅक बरंच लहान होतं, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या की दुसरीला जवळपास जागाच लागत नाही. आयपॉड क्लासिकवर अ‍ॅपलचंच फर्मवेअर ठेवणार असाल तर फ्लॅक चालणार नाही, अ‍ॅपल लॉसलेसमध्ये बदलून न्या, १६ बिटमध्ये. २४ बिट ९६ किलोहर्ट्झ त्याला झेपत नाही. मुखपृष्ठाचं चित्र साध्या बेसलाइन जेपेगमध्ये, ५०० बाय ५०० पिक्सेल पुरे. प्रोग्रेसिव्ह जेपेगमधलं मुखपृष्ठ रॉकबॉक्स दाखवत नाही.

दुकानात जाताना एका छोट्या मायक्रोएसडी कार्डावर चाचणीचा फोल्डर न्या: जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’ असलेलं एक शीर्षक, सलग वाजणारे एकाच रागाचे दोन फ्लॅक ट्रॅक, युगुलगीतं असलेला एक अल्बम, एक मोनो रेकॉर्डिंग, आणि त्यांची एक प्लेलिस्ट. प्लेअरचा डेटाबेस नव्याने बनवायला लावा, गाणं मध्येच थांबवून प्लेअर बंद करा, पुन्हा चालू करून तो तिथूनच सुरू होतो का पाहा. पाऊण तासाचा ख्याल ऐकणाऱ्याला ही शेवटची गोष्ट रोज लागते.