रंकाळ्यावर उजेड उलगडताना

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, कोल्हापूरच्या रंकाळा चौपाटीवर टेबल टाकून लोकांना वर्णपट, म्हणजे उजेड फुटून दिसणारे रंग, दाखवायचा, असं आम्ही एमएस्सीच्या पाच जणांनी ठरवलं. १९२८ साली याच तारखेला सी. व्ही. रामन यांनी डोळ्याला लावायच्या छोट्याशा वर्णपटदर्शकातून विखुरलेल्या उजेडात मूळ रंगाशेजारी एक नवा पट्टा बघितला होता. नोबेल मिळवून देणारी गोष्ट हातात मावणाऱ्या नळीतून दिसली होती. मग तशी नळी आपण का बनवू नये?

चप्पल लाईनमधून पायताणांची रिकामी खोकी आणली. एका टोकाला फट पाडायची, दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा तिरका बसवायचा. सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर असतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सव्वासहाशे. उजेड त्यांच्यावर आपटून रंगारंगांत फुटतो. पण आमच्या पहिल्या खोक्यात नुसतं इंद्रधनुष्य सारवल्यासारखं दिसायचं. कटरने पाडलेल्या फटीच्या कडा खडबडीत होत्या. दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर ठेवून मध्ये कागदाची जाडी राहील एवढीच फट सोडली, तेव्हा ट्यूबलाईटमधली पाऱ्याची हिरवी रेघ एकदम धारदार झाली. सगळा खेळ फटीचा आहे. कुणी हे घरी करणार असेल, तर तासभर फटीवरच घालवा.

पुढे सीडी काढून डीव्हीडी घेतली. तिचे दोन पापुद्रे सुटतात. चकचकीत थर सेलोटेपने उपटला की पारदर्शक चकती उरते. तिच्यातल्या रेघा ०.७४ मायक्रॉनवर, त्यामुळे रंग दुपटीहून जास्त फाकतात.

परवानगीला चार खेपा झाल्या. अर्जात आम्ही 'ज्योत' हा शब्द लिहिला होता, त्यावरच अडलं. ज्योत खोडली आणि परवानगी मिळाली. पण ज्योतीत मीठ टाकल्यावर त्यातल्या सोडियममुळे दिसणारी पिवळी रेघ दाखवायची कशी? ती सोय चौपाटीवरच्या आम्लेटच्या गाड्यावर झाली. तिथले दादा म्हणाले, "माझ्या शेगडीवर बघा की, रोजच मीठ सांडतंय." त्यांनी चिमूटभर मीठ ज्योतीवर टाकलं आणि खोक्यात ५८९ नॅनोमीटरची सोडियमची रेघ लखकन उमटली. त्या गाड्याभोवती आमच्या टेबलापेक्षा जास्त गर्दी झाली.

सुरुवातीला आम्ही 'स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे' असं म्हणून बोलायला लागायचो आणि लोक पुढे सरकायचे. मग आधी खोकं हातात द्यायचं ठरवलं. थेट सूर्याकडे रोखायचं नाही, एवढंच आधी बजावायचं. दिव्याकडे धरा, काय दिसतंय ते तुम्ही सांगा, मग आम्ही सांगतो. एलईडीच्या दिव्यात निळा पट्टा, नंतर थोडा अंधार, मग हिरव्यापासून लालपर्यंत सलग रंग. पिवळ्या बल्बमध्ये मात्र कुठे खंडच नाही. हा फरक माणसं आपणहून सांगायची.

१८६८ च्या १८ ऑगस्टची खग्रास सूर्यग्रहणाची गोष्ट मी सांगत होते. त्या दिवशी उत्तर कर्नाटकातल्या जमखंडीहून इंग्रज अधिकारी जॉन हर्शेल आणि आंध्रातल्या गुंटूरहून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट बघत होते. सूर्याच्या उजेडात त्या वर्षी एक पिवळी रेघ सापडली, सोडियमच्या शेजारी पण सोडियमची नव्हे. ती हेलियम वायूची. पृथ्वीवर तो वेगळा करायला १८९५ उजाडावं लागलं. जमखंडीचं नाव ऐकून बरेच जण थांबायचे, कारण तिकडे कुणाची ना कुणाची सोयरीक असतेच.

साडेपाचला एक मावशी आल्या. त्यांनी विचारलं, "किरणोत्सवाला आंबाबाईवर पडतंय ते ऊन यात कसं दिसंल?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. पाच वर्षं फिजिक्स शिकताना मी किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं देवळात देवीपर्यंत पोचतात त्या दिवसांत, तीनदा गेले होते, पण त्या सोनेरी उजेडाला खोकं लावायचं सुचलं नव्हतं. कलतं ऊन पडलेल्या एका पांढऱ्या भिंतीकडे आम्ही डीव्हीडीचं खोकं धरलं. निळ्या-जांभळ्या बाजूचा उजेड मंदावत होता. मावळतीचा सूर्य हवेच्या फार जाड थरातून येतो आणि निळा प्रकाश वाटेतच विखुरतो. लाल टोकाला एक काळसर पट्टी दिसली. ती सूर्याची नव्हे, आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची; तो तेवढा उजेड वाटेत शोषून घेतो. सूर्य जितका खाली, तितकी ती गडद. मावशींना लगेच दिसेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "हां, हाय हाय. म्हंजे आपण श्वास घेतोय तीच हवा?"

तीच हवा.

सूर्य गेल्यावरही त्या निघाल्या नाहीत. फट कशी करायची ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. एक खोकं आम्ही त्यांना दिलं. देवळात ते नेता येणार नाही, हे त्याच म्हणाल्या. त्यांच्या घराच्या गच्चीला मावळतीचं ऊन लागतं. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, किरणं देवीच्या पायांवरून वर सरकत असतील तेव्हा, आम्ही पाचही जण रंकाळ्यावर त्याच भिंतीसमोर खोकी घेऊन असू.