एकाच सीटचं ग्लायडर, रबाळ्याच्या गाळ्यात

रबाळे एमआयडीसीत माझा एफआरपीचा, म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि रेझिन (घट्ट होणारं चिकट द्रव्य) यांच्या वस्तू बनवण्याचा गाळा आहे. कूलिंग टॉवरच्या पंख्यांची पाती हे आमचं रोजचं काम. गाळ्याच्या मागच्या भागात मात्र हल्ली पाती दिसत नाहीत. तिथे सहा मीटरहून लांब मोल्ड, म्हणजे साचा, मांडलाय. माझा भाचा एरोनॉटिकल शिकलाय. तो, त्याचे दोन मित्र आणि मी मिळून एक प्रायोगिक ग्लायडर बांधतोय. पंखांचा स्पॅन १३ मीटर, इंजिन नाही, सीट एकच. गाळ्यात येणारा प्रत्येक जण विचारतो, "ताई, उडणार कधी?" डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, परवानगीशिवाय उडायचा प्रश्नच नाही, आणि परवानगी मागायला जाण्याआधी जमिनीवर जे करायचं असतं ते एवढं आहे की आज त्याबद्दलच लिहिते.

सीट एकच, ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. मी पूर्वी हडपसरला ग्लायडिंग शिकले, तेव्हा मागच्या सीटवर इन्स्ट्रक्टर असायचे. ग्लायडरला ओढून वर चढवणाऱ्या विंचची दोरी ताणली गेली की मागून आवाज यायचा, "नाक सांभाळ, वेग बघ." आमच्या ग्लायडरमध्ये तो आवाज नसणार. त्यात पहिल्यांदा बसणारा माणूस पहिल्याच क्षणापासून एकटा, आणि त्याच्याआधी ते कोणीच उडवलेलं नाही. मागच्या सीटवरच्या माणसाला जे माहीत असायचं ते सगळं आम्हाला आधी वजनकाट्यावर, वाळूच्या गोण्यांखाली आणि कागदावर शोधून ठेवायचंय.

राइट बंधूंनी हेच केलं होतं. १९०० सालचं त्यांचं पहिलं ग्लायडर बहुतेक वेळ माणसाशिवाय, पतंगासारखं दोरीवर उडालं. साखळ्यांचं वजन लादून त्यांनी ते तपासलं. १९०१ चं ग्लायडर हिशेबापेक्षा फार कमी उचल (पंखाला वर उचलणारा हवेचा जोर) देऊ लागलं, तेव्हा दोघं घरी परतले, स्वतःचं छोटं विंड टनेल, म्हणजे वारा सोडायचा चाचणीचा बोगदा, बांधलं आणि पंखांचे दोनशेच्या आसपास आकार त्यात तपासले. १९०२ चं ग्लायडर त्या आकड्यांवर उभं राहिलं. त्याच्या सहा वर्षं आधी, ऑगस्ट १८९६ मध्ये, जर्मनीचे ग्लायडर उडवणारे ऑटो लिलिएंथाल ग्लायडरसकट पडून वारले होते. राइट बंधूंना ते पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडेही हे काम झालंय, आणि ते विसरलं गेलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावर नागरी विमान खात्याचं टेक्निकल सेंटर होतं. तिथे ग्लायडर डिझाइन होत आणि त्यांना नक्षत्रांवरून नावं देत: अश्विनी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर. यातलं कार्तिक एका सीटचं, १९६३ मध्ये पहिल्यांदा उडालं. मृगशीरही एकाच सीटचं, ते १९७० चं. भाच्याने चार वर्षं एरोनॉटिकल केलं, त्यात ही नावं त्याच्या कानावर एकदाही आली नव्हती. मी सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, हे कुणी शिकवलंच नाही गं."

आम्ही ज्या मटेरियलमध्ये काम करतो त्याची वाट जर्मनीच्या विद्यार्थ्यांनी उघडली. श्टुटगार्टच्या अकाफ्लीगचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या उड्डाण मंडळाचं, एफएस-२४ फीनिक्स नोव्हेंबर १९५७ मध्ये उडालं. ग्लासफायबरचं ते पहिलं ग्लायडर, बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी काच-रेझिनची कातडी. नेगेले आणि एप्लर यांचं ते डिझाइन. मग १९६४ मध्ये डार्मश्टाटच्या विद्यार्थ्यांचं डी-३६ आलं. ते करणाऱ्यांपैकी लेम्के, वाइबेल आणि होलिगहाउस पुढे तीन वेगवेगळ्या कारखान्यांत गेले आणि नंतरची कित्येक वर्षं जगभर उडणारी ग्लायडर त्यांच्या हातची होती.

आता माझ्या कामाचं. पंख्याचं पातं आणि ग्लायडरचा पंख यांच्यात नातं आहे. दोन्हींत एअरफॉइल, म्हणजे हवा कापणारा बाकदार छेद, मुळापासून टोकापर्यंत ट्विस्ट, म्हणजे पीळ, आत फोम. पण पात्याला वजन चालतं. एका सेटमधली सगळी पाती तोलाला सारखी उतरली की झालं. पंखाला प्रत्येक ग्रॅम जड. म्हणून आम्ही कापड आधी तोलतो आणि त्याच्या वजनापेक्षा कमी रेझिन मिसळतो. जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, नुसतं बसून प्रवास करतं. आमच्या कारागिरांचा हात इथे पुन्हा बसवावा लागला, कारण चमकदार ओला लेअप, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून बसवलेले कापडाचे थर, म्हणजे चांगलं काम, अशी वर्षानुवर्षांची सवय.

नवी मुंबईची हवा हा वेगळाच विषय. जुलैमध्ये पारसिकच्या डोंगरावरून पाऊस उतरतो आणि गाळ्याच्या भिंती घामेजतात. अशा हवेत इपॉक्सीचा (आमच्या रेझिनचा) हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन घासला नाही तर पुढचा थर त्यावर धरत नाही. वरून मात्र सगळं ठीक दिसतं. मे महिन्यात उलट त्रास. एक मगभर रेझिन एकदम कालवलं की ते मगातच तापून जेली होतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि पसरट ट्रेमध्ये ओतायचं. पंखाचा कणा म्हणजे स्पार, त्यात ग्लास रोव्हिंगच्या, म्हणजे न विणलेल्या काचतंतूंच्या, सरळ लडी असतात. तो आम्ही फक्त डिसेंबर ते फेब्रुवारीत घालायचं ठरवलंय. भाच्याला घाई असते. मी या एका बाबतीत ऐकत नाही.

यानंतर वाळू, म्हणजे पंखावर गोण्या रचून त्याची ताकद तपासणं. मला सगळ्यात जास्त ओढ याच दिवसाची आहे. हिशेब असा: पायलट आणि पॅराशूट धरून एकूण वजन २८० किलो, त्यातले दोन पंख १०० किलोचे. युरोपच्या ग्लायडर नियमांतला ५.३ जी, म्हणजे वजनाच्या ५.३ पट, हा भार धरला, तर पंखांचं स्वतःचं वजन वजा जाता एका पंखाला साधारण ४७७ किलो पेलायचेत. पंख स्टँडवर उलटा बांधायचा, म्हणजे वाळूचं वजन उचलीच्या दिशेने पडतं. पंखाचे स्वतःचे ५० किलो त्यात आपोआप येतात, म्हणून वर ४२७ किलो वाळू. एवढ्यावर तो वाकेल, पण वाळू काढली की पूर्ववत झाला पाहिजे. मग दीडपट भार, म्हणजे सुमारे ६६५ किलो वाळू, आणि पंख निदान तीन सेकंद तरी मोडता कामा नये. गोण्या मुळाशी दाट, टोकाकडे विरळ, कारण उचलही तशीच वाटलेली असते.

आणि हे सगळं ५४ अंश सेल्सिअसला. उन्हात उभ्या ग्लायडरची कातडी तापते, तापलं की रेझिन मऊ पडतं. ग्लायडर पांढरी असतात ती याच कारणाने. आम्ही स्टँडभोवती प्लास्टिकचा तंबू आणि आत हीटर लावणार आहोत. हा पंख चाचणीपुरताच. तो पुढे उडणाऱ्या ग्लायडरला लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलंय.

पंखानंतर गुरुत्वमध्य. दोन सीटच्या ग्लायडरमध्ये मागची सीट बहुतेक गुरुत्वमध्याच्या जवळपास असते, त्यामुळे तिथे कोणी बसो न बसो, तोल फारसा हलत नाही. एका सीटच्या ग्लायडरमध्ये माणूस पंखाच्या पुढे बसतो आणि एकूण वजनाचा चौथा हिस्सा तोच असतो. माणूस हलका असला की तोल मागे सरकतो, ग्लायडर नाक वर करायला बघतं, आणि फार मागे गेला तर काठीने, म्हणजे पायलटच्या हातातल्या कंट्रोल दांड्याने, सावरणंही कठीण होतं. आमच्या आकडेमोडीत सीटवर पॅराशूटसकट किमान ७० किलो हवेत. भाचा ५८ किलोचा, पॅराशूट ७ किलोचं. उरलेल्या पाच किलोंसाठी नाकात शिसं बोल्टने पक्कं बसवायचं. ते सीटच्याही पुढे असल्याने पाच किलोंहून कमी पुरेल. नेमकं किती, ते पूर्ण ग्लायडर काट्यावर चढवल्यावर कळेल.

"मावशी, त्यापेक्षा मीच वजन वाढवतो," असं तो म्हणतो. मी शिशाची पट्टी ओतायचा साचा करायला घेतलाय.