टॉरस बंद का झाली?

फोर्ड टॉरसचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास येतो. १९९२ ते १९९६ अशी सलग पाच वर्षं अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली कार बंद का झाली? ‘लोक एसयूव्हीकडे वळले’ हे उत्तर बहुतेकांकडे तयारच असतं. मला ते अर्धं वाटतं, कारण टॉरस अमेरिकेत दोनदा बंद झाली आणि दोन्ही वेळची कारणं वेगळी आहेत.

आधी ती घडली कशी ते सांगतो. १९८० ते १९८२ या तीन वर्षांत फोर्डला तीन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला होता. त्या काळी डिझाइनवाले आराखडा करून इंजिनिअरांकडे सोपवत, ते कारखान्याकडे. जो तो आपलं काम उरकून मोकळा. टॉरस प्रकल्पाचे प्रमुख ल्यू व्हेराल्डी यांनी ही पद्धत मोडली. डिझाइन, उत्पादन, विक्री, सुटे भाग पुरवणारे अशा सगळ्यांना सुरुवातीपासून एकत्र बसवलं. इतर कंपन्यांच्या गाड्या आणून, खोलून पाहिल्या. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कारखान्यात गाडी जोडणाऱ्या कामगारांना विचारलं. बोल्टची डोकी एकाच मापाची ठेवा, म्हणजे सारखी हत्यारं बदलावी लागणार नाहीत, असं ते म्हणाले. आणि ते मानलं गेलं. बॉनेटखाली मालकाने स्वतः तपासायच्या जागा पिवळ्या रंगाने दाखवल्या होत्या. गाडीतलं फारसं न कळणाऱ्या माणसाचाही विचार झाला होता!

डिसेंबर १९८५मध्ये ती बाजारात आली, तेव्हा रस्त्यावरच्या अमेरिकन गाड्या बहुतांशी चौकोनी होत्या. डिझायनर जॅक टेलनॅक यांच्या चमूने टॉरसला दिलेला गोलसर, हवा कापणारा आकार लोकांनी उचलून धरला.

१९९६च्या मॉडेलमध्ये मात्र लंबगोलाचा अट्टहास झाला. मागची काच लंबगोल, रेडिओची बटणंही लंबगोलात. किंमतही चढली. त्या वर्षी पहिला नंबर राहिला, पण त्यात भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांच्या खरेदीचा मोठा हात होता. १९९७ला टोयोटा कॅम्री पुढे गेली. २०००मध्ये थोडी डागडुजी झाली. पुढे फोर्डने पैसा आणि लक्ष ट्रक-एसयूव्हीकडे वळवलं आणि टॉरस जवळपास आहे तशीच ठेवली. कॅम्री आणि होंडा अकॉर्ड या सेडान त्याच वर्षांत लाखांनी विकल्या जात होत्या. म्हणजे सेडान घेणारे कुठे गेले नव्हते. ऑक्टोबर २००६मध्ये अटलांटाजवळच्या हेपव्हिलच्या कारखान्यातून शेवटची टॉरस बाहेर पडली आणि कारखानाही बंद झाला. हा पहिला शेवट मी निव्वळ हेळसांडीचा मानतो.

महिनाभर आधीच अ‍ॅलन मुलाली बोइंगमधून फोर्डचे प्रमुख म्हणून आले होते. बोइंग ७७७ घडवताना त्यांनी टॉरसच्या चमूची पद्धत अभ्यासली होती. इतकं मोठं नाव टाकून दिलंच कसं, असं त्यांना वाटलं. २००७मध्ये फोर्डच्या ‘फाइव्ह हंड्रेड’ या गाडीलाच त्यांनी टॉरस हे नाव दिलं. पण ती आता मोठी आणि महाग गाडी झाली होती; कुटुंबासाठीच्या मधल्या आकाराच्या गाडीची जागा फोर्डच्याच फ्यूजनने घेतली होती.

दुसरा शेवट मात्र खरोखर एसयूव्हीने घडवला. एप्रिल २०१८मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या सेडान थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि मार्च २०१९मध्ये शिकागोत टॉरसचं उत्पादन संपलं. तो कारखाना चालू राहिला, एक्सप्लोरर या एसयूव्हीसाठी.