उलटी छत्री आणि जेल पेन

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी कोळी निवडले, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "घरातले चालणार नाहीत का?"

आंबोलीला पोचलो सप्टेंबरच्या शेवटी. पाऊस ओसरत आलेला आणि बरेचसे कोळी वयात आलेले. हे वयात येणं महत्त्वाचं. जात ठरवायची ती मादीच्या पोटाखालच्या जननपट्टिकेवरून, नाहीतर नराच्या तोंडाजवळच्या फुगीर स्पर्शपादांवरून. पिल्लू धरलं तर बहुतेक वेळा कुळापर्यंत पोचता, पुढे गाडी अडते.

जंगलातली पद्धत साधी. फांदीखाली छत्री उलटी धरायची आणि वरून काठीने चार-पाच दणके द्यायचे. काळ्या कापडावर बारीक कोळी दिसतच नाहीत, म्हणून मी आतून जुन्या पांढऱ्या चादरीचं अस्तर शिवून नेलं होतं. पाला, मुंग्या, सुरवंट पडतात आणि त्यातून काहीतरी आठ पायांवर पळत सुटतं. ते पूटरने ओढायचं, म्हणजे दोन नळ्यांची बाटली. एका नळीतून आपण श्वास ओढायचा, दुसरीतून कोळी आत. तोंडाकडच्या नळीला आतून जाळीचं कापड लावलंय ना, हे आधी बघा! रस्त्याने जाणाऱ्या एका आजींनी थांबून विचारलं, "बाबा, पाऊस नाय तर छत्री कित्या? ती पण उलटी?" माझ्याकडे पटण्यासारखं उत्तर नव्हतं. जळवांबद्दल काही लिहीत नाही, त्या होत्याच.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, गवतात कापडी जाळी फिरवायची. पहिल्या सकाळी उत्साहात सातलाच सुरुवात केली. दवाने जाळी भिजली आणि नाजूक कोळी आतच चिकटून चिरडले. मग दहापर्यंत थांबायला शिकलो. तेरड्याच्या फुलात खेकडा कोळी पुढचे पाय पसरून बसलेला असतो, त्याला मात्र जाळी नको, फुलाखाली बाटली धरून बोटाने हलकेच ढकलला की झालं.

संध्याकाळी खोलीवर बाटल्या मांडल्या तर अल्कोहोल निळं झालेलं. कोळ्यांसोबत बाटलीत टाकलेल्या चिठ्ठ्या मी जेल पेनने लिहिल्या होत्या. ठिकाण, तारीख, उंची, अधिवास, सगळं विरघळून 70 टक्के अल्कोहोलात उतरलेलं. सरांनी एक बाटली दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "शाई छान आहे."

"मला आठवतंय सर, कुठला कुठे मिळाला ते. लिहू का परत?"

"खात्रीने किती आठवतात?"

31 पैकी 12. उरलेले 19 बाद. कुठून आला हे माहीत नसेल तर नमुन्याचा काडीचा उपयोग नाही. परवानगीपत्रात संख्या ठरवून दिलेली, त्यातले हे 19 असेच गेले. मारले तर मीच होते. जेवण गेलं नाही.

रात्री हेडटॉर्च लावून पुन्हा सड्यावर गेलो. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत असली की लांडगा कोळ्याचे डोळे गवतात दवबिंदूसारखे हिरवट चमकतात. एका ठिकाणी एका मोठ्या चमकेभोवती बारीक ठिपके लुकलुकत होते. वाकून पाहिलं तर मादी, आणि पाठीवर पिल्लांचा थरावर थर, इतका की तिचं पोट दिसेना. ही जात माझ्या यादीत नव्हती. बाटलीचं झाकण उघडलेलं होतं.

झाकण लावलं आणि वहीत पेन्सिलीने लिहिलं: लांडगा कोळी, मादी, पिल्लांसह, सडा, रात्री 9.40. घेतली नाही.